नाच एकाचा, गाणं दुसऱ्याचं: विजोड रील जुळवायची कशी

शिवजयंतीला भाचीच्या शाळेत लेझीम होतं. सातारा जिल्ह्यातलं गाव, शाळेचं मैदान, चोवीस मुली, पुढे शिट्टी घेतलेले पीटीचे सर आणि कडेला हलगी वाजवणारे काका. मी मैदानाच्या या टोकाला उभा राहून एका दमात पन्नास सेकंदांचा व्हिडिओ घेतला. रात्री घरी येऊन त्याचा आवाज बंद केला आणि त्यावर व्हिएन्नातला एक लष्करी मार्च बसवला: योहान श्ट्राउस थोरल्याने १८४८ मध्ये रचलेला ‘राडेत्स्की मार्च’. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकल्यावर मामीने विचारलं, ‘‘शाळेत इंग्रजी बँड कधीपासून आला?’’

मामीचा हा प्रश्नच या कामाची खरी परीक्षा आहे. बघणाऱ्याला गाणं परकं वाटलं पाहिजे, पण ते वरून चिकटवलंय असं वाटता कामा नये. हे कसं साधायचं ते मी इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण त्याच लेझीमचं घेतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

आधी हे समजून घ्या: डोळा सम शोधतो

या प्रकाराचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण २०२२ च्या नोव्हेंबरमधलं आहे. नेटफ्लिक्सवर ‘वेन्सडे’ ही मालिका आली. तिच्या चौथ्या भागात वेन्सडे झालेली अभिनेत्री जेना ओर्टेगा शाळेच्या पार्टीत एक विचित्र, ताठर, मानेला झटके देणारा नाच करते. मालिकेत त्या नाचामागे ‘द क्रॅम्प्स’ या बँडचं १९८१ चं ‘गू गू मक’ वाजतं. पण लोकांनी तो आवाज काढून टाकला आणि तिथे लेडी गागाचं २०११ च्या अल्बममधलं ‘ब्लडी मेरी’ वेग वाढवून बसवलं. जगभर तेच पसरलं. अकरा वर्षं अल्बमात पडून असलेलं गाणं अनेक देशांच्या लोकप्रिय याद्यांत आलं आणि स्वतः गागानेही वेन्सडेसारखा पोशाख करून त्यावर व्हिडिओ केला. आज कित्येकांना तो नाच मुळातच त्या गाण्यावर बसवला होता असं वाटतं.

प्रकार जुना आहे. ‘चार्ली ब्राउन’च्या १९६५ सालच्या नाताळच्या कार्टूनमध्ये मुलं जॅझवर नाचतात, २००३ मध्ये ‘हे या!’ हे गाणं आल्यावर कुणीतरी तो नाच त्यावर बसवला आणि तो व्हिडिओ इंटरनेटवर घरोघरी पोचला. रंगमंचावर तर मर्स कनिंगहॅम हा नृत्यकार आणि जॉन केज हा संगीतकार यांनी नाच आणि संगीत मुद्दाम वेगवेगळं तयार केलं. दोन्हींची गाठ थेट प्रयोगाच्या वेळीच पडायची.

हे का जुळतं? फ्रेंच अभ्यासक मिशेल शियाँ यांनी १९९० मध्ये यासाठी ‘सिंक्रेसिस’ असा शब्द वापरला. एकाच क्षणी काही दिसलं आणि काही ऐकू आलं, की मन त्या दोन्हींची गाठ मारतं. विचार करून नव्हे, आपोआप. आपल्याकडे हे समजायला वेगळा शब्द लागत नाही. मैफिलीत गायक कुठेकुठे फिरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि अख्खी सभा मान हलवते, तीच ही गोष्ट. मधल्या सात मात्रांत काय झालं ते डोळा माफ करतो, सम चुकली तर मात्र करत नाही. वरातीत बँडवाले एका गाण्यावरून दुसऱ्यावर जातात आणि नाचणाऱ्यांची पावलं थांबत नाहीत, ती याच कारणाने.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. अशा व्हिडिओत गाणं विजोड असतं, लय विजोड नसते. नुसतं काहीतरी उलटंसुलटं गाणं लावून गंमत येत नाही. शंभरातले नव्वद व्हिडिओ इथेच फसतात.

क्लिप निवडताना

एका शॉटमधली क्लिप घ्या. कॅमेरा मध्येच दुसरीकडे गेला किंवा संकलनाचे तुकडे असले, की तालाचा धागा तुटतो आणि बघणाऱ्याचा विश्वासही. पाय दिसले पाहिजेत. कमरेच्या वर कापलेल्या नाचात लयीचा अर्धा पुरावा हरवतो. लावणीत तर पाय आणि घुंगरूच सगळं सांगतात. चेहरा जवळून घेतलेली लावणी अदेसाठी बघावी, या कामासाठी ती उपयोगाची नाही.

दुसरी गरज ठळक आघातांची: जमिनीवर पडणारं पाऊल, टाळी, गिरकी संपून थांबलेलं अंग, लेझीम मिटताना होणारी झटक्याची हालचाल. गाण्याचे ठोके याच खुंट्यांवर टांगायचे असतात. संथ, पाण्यासारखे वाहणारे नाच दिसायला सुंदर, पण त्यांच्यावर काहीही बसतं आणि म्हणूनच काही ठसत नाही.

तिसरं, लय स्थिर हवी. वारीतली पावली किंवा फुगडी बघा, लय चढत चढत जाते. तोच त्यांचा प्राण आहे आणि इथे तीच अडचण. स्थिर लयीचं गाणं त्यावर दहा सेकंदांत सुटतं. शिवाय माझं स्पष्ट मत आहे, की भक्तीतून उमटलेला नाच या खेळात आणू नये. वारकरी, गोंधळी, अंगात आलेली बाई यांच्यावर डिस्को लावलेले व्हिडिओ मी पाहिले आहेत. त्यात लय जुळलेली असते आणि बाकी सगळं तुटलेलं.

लेझीम या सगळ्या कसोट्यांवर उतरतं. चोवीस जणी एकाच क्षणी वाकतात, एकाच क्षणी झटका देतात, आणि हलगीवाल्याचा हात पक्का असेल तर लय घड्याळासारखी राहते.

आवाज बंद करून लय मोजा

पहिलं काम म्हणजे क्लिप पूर्ण मूक करा. मूळ संगीत ऐकू येत असेल तर तुम्ही नाच मोजत नाही, गाणं मोजता.

आता एक ठळक हालचाल धरा. मी लेझीमचा झटका धरला. पहिला झटका दिसला की घड्याळ सुरू, आणि तोंडाने ‘शून्य’ म्हणायचं. पुढच्या झटक्याला ‘एक’. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो: पहिल्यालाच ‘एक’ म्हणतो आणि एक मात्रा जास्त धरतो. आपल्याला झटके मोजायचे नाहीत, दोन झटक्यांमधली अंतरं मोजायची आहेत.

माझ्या क्लिपमध्ये सोळा अंतरांना बरोबर १० सेकंद लागले. १६ भागिले १०, गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला ९६ ठोके. यालाच संगीतवाले बीपीएम म्हणतात. हे मोजमाप तीनदा करा, क्लिपच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. तिन्ही आकडे एका ठोक्याच्या आत असतील तर क्लिप कामाची. सुरुवातीला ९६ आणि शेवटी १०४ निघाले तर क्लिप बदला किंवा लहान तुकडा घ्या.

मग मात्रांचा घाट बघा. नाच किती मात्रांनी स्वतःकडे परत येतो? लेझीमचे बहुतेक हात चार किंवा आठ मात्रांचे. तालांपैकी केरवा आठचा, दादरा सहाचा, रूपक सातचा. पाश्चात्त्य वॉल्ट्झ तीनचा. ठोक्यांचा वेग जुळला पण घाट जुळला नाही, तर दर आवर्तनाला सम वेगळ्या पावलावर पडते. पहिले पाच सेकंद झकास वाटतं, पुढे बघणारा कारण न कळता अस्वस्थ होतो. आठच्या नाचाला चार, आठ किंवा सोळाचं गाणं द्या. दादऱ्याच्या चालीवरच्या नाचाला वॉल्ट्झ सुरेख बसतो, कारण दोन्हींमध्ये तीन-तीनचे झोके आहेत. हे एकदा करून बघाच.

वेगाच्या बाबतीत मात्र थोडी मोकळीक आहे. नाच ७० चा आणि गाणं १४० चं असेल तरी चालतं. आपल्याकडे याला दुगुन म्हणतात. पाऊल एक आड एक ठोक्यावर पडतं आणि नाचणारा अगदी निवांत, रुबाबदार दिसतो. उलट, गाणं संथ आणि नाच दुप्पट असेल तर नाचणारा झपाटल्यासारखा दिसतो. दोन्हींतलं काय हवं ते आधी ठरवा.

गाणं निवडताना एकच गोष्ट उलटी करा

गाण्याचं आणि नाचाचं नातं तीन बाजूंनी मोडता येतं: प्रांत, काळ आणि भाव. लेझीम आणि व्हिएन्नाचा मार्च यांत प्रांत वेगळा आहे. पण भाव? दोन्हींत शिस्त आहे, रांग आहे, छाती पुढे काढलेला उत्साह आहे. म्हणून ते भिडतात. नव्या वर्षाच्या व्हिएन्नातल्या मैफिलीत या मार्चला प्रेक्षक टाळ्यांनी ठेका धरतात आणि लेझीमचे झटके नेमके त्या टाळ्यांच्या जागी पडतात. मी त्याऐवजी एखादं संथ विरहगीत घेतलं असतं, तर प्रांत, काळ आणि भाव तिन्ही एकदम तुटले असते आणि हाती फक्त गोंधळ उरला असता.

वेन्सडेच्या बाबतीतही हेच दिसतं. मूळ गाणं गिटारवरचं खरखरीत रॉक, लोकांनी लावलेलं चकचकीत पॉप. काळ आणि पोत बदलला, पण दोन्हींत एक अंधारी, थोडी भीतीदायक छटा आहे. ती छटा राहिली म्हणून नाच परका झाला नाही.

आणखी दोन गोष्टी गाण्यात शोधा. एक, ठोक्याची धार. ढोलकीची चाट, टाळी, स्नेअर ड्रम यांचा आवाज टोकदार सुरू होतो, त्यावर हालचाल पिनेसारखी टोचता येते. व्हायोलिनचे लांब सूर किंवा बासरी असेल तर ठोका कुठे सुरू झाला तेच कळत नाही. आणि लोक हे फोनच्या छोट्या स्पीकरवर बघणार आहेत. तिथे खालचा घुमारा ऐकूच येत नाही. ज्या गाण्याचा सगळा ठेका खर्जात आहे ते हेडफोनवर जुळलेलं वाटेल आणि फोनवर पांगळं.

दुसरी गोष्ट म्हणजे विराम. गाण्यात एखादी मात्रा सगळं थांबत असेल आणि नाचातही एखादी थांबलेली मुद्रा असेल, तर त्या दोघांची भेट घडवा. एवढ्या एका क्षणासाठी लोक व्हिडिओ पुन्हा बघतात.

वेग कुणाचा बदलायचा?

माझं लेझीम ९६ चं. मार्चचं जे ध्वनिमुद्रण मी घेतलं ते मोजून १०४ चं निघालं. फरक सव्वाआठ टक्क्यांचा. सगळा भार व्हिडिओवर टाकला असता तर मुली जुन्या मूकपटातल्यासारख्या तुरुतुरु पळताना दिसल्या असत्या. माणसाच्या डोळ्याला पडणाऱ्या वस्तूचा वेग फार चांगला ओळखू येतो. उडी मारून खाली येणारं शरीर, गिरकीनंतर बसणारा पदर, हलणारी वेणी, यांचा वेग गुरुत्वाकर्षण ठरवतं, त्यामुळे तिथे लबाडी लगेच उघडी पडते. माझा अनुभव असा, की व्हिडिओ पाच टक्क्यांपर्यंत वेगळा केला तर कुणाला कळत नाही. गाणं, सूर तोच ठेवून, साताठ टक्क्यांपर्यंत चालतं. माणसाचा आवाज असेल तर त्याहून कमी.

म्हणून मी भार वाटून दिला. दोघांनाही १०० वर आणलं. हिशेब सोपा आहे: हवा असलेला वेग भागिले असलेला वेग. व्हिडिओसाठी १०० भागिले ९६, म्हणजे १०४.१७ टक्के. गाण्यासाठी १०० भागिले १०४, म्हणजे ९६.१५ टक्के.

१०० निवडण्याचं आणखी एक कारण होतं. मिनिटाला १०० ठोके म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदांची, आणि व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) असतील तर एका मात्रेत बरोबर १८ चौकटी. पूर्णांक आला की पुढचं काम हलकं होतं. तीस चौकटींच्या व्हिडिओत १२० ला १५ आणि ९० ला २० चौकटी येतात. जमेल तिथे अशा आकड्यांवर या.

गाण्याचा वेग बदलायला ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात ‘चेंज टेम्पो’ हा पर्याय घ्या. ‘चेंज स्पीड अँड पिच’ (जुन्या आवृत्तीत नुसतं ‘चेंज स्पीड’) घेतलात तर सूरही वरखाली होईल. कधी तोच परिणाम हवा असतो. वेग वाढवून पातळ, चढा झालेला आवाज ही या रीलची एक ओळखच झाली आहे. पण तो निवडून घ्या, चुकून नको.

व्हिडिओ संथ करायचा असेल तर तो सेकंदाला ६० चौकटींनी घेतलेला हवा. तीसचा व्हिडिओ तीसच्याच टाइमलाइनवर संथ केला की चौकटी कमी पडतात आणि हालचाल अडखळते.

समेवर आणणं

कॉम्प्युटरवर ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती आणि फोनवर ‘इनशॉट’, ‘काइनमास्टर’ किंवा इन्स्टाग्रामचं ‘एडिट्स’, यांतलं काहीही चालेल. मी कॉम्प्युटर वापरतो, कारण तिथे एकेक चौकट सरकवणं सोपं जातं.

काम सुरू करण्यापूर्वी एक खबरदारी. फोनवर घेतलेल्या व्हिडिओत चौकटींचा वेग बहुधा कायम नसतो. उजेड कमी-जास्त झाला की तो थोडा बदलतो. काही सॉफ्टवेअरना हे पचत नाही आणि शेवटाकडे आवाज निसटतो. ‘हँडब्रेक’ या मोफत साधनातून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून क्लिप एकदा काढून घ्या. सुरुवातीला हे मला माहीत नव्हतं आणि दोन रात्री मी स्वतःच्या मोजणीला दोष देत बसलो होतो.

आता नाचातली पहिली ठळक सम शोधा. एकेक चौकट पुढे-मागे करत झटका पूर्ण झाला ती नेमकी चौकट पकडा आणि तिथे खूण करा. गाण्याच्या लहरींच्या चित्रात जोरदार ठोक्याचं टोक जिथून उठतं तिथे दुसरी खूण. दोन खुणा एकावर एक आणा. सम बसली.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. मूळ आवाजाच्या लहरी बघून जुळवू नका, चित्र बघूनच जुळवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मी हलगीपासून वीस मीटरवर उभा होतो, म्हणजे माझ्या फोनने तो ठोका सुमारे ६० मिलिसेकंद उशिरा ऐकला. जवळजवळ दोन चौकटी. लहरींवर विसंबलो असतो तर सुरुवातच दोन चौकटी चुकीची झाली असती.

पण याच कारणाने आपला मेंदू उशिरा येणाऱ्या आवाजाला सरावलेला आहे. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत म्हटलं आहे, की आवाज चित्राच्या आधी आला तर सुमारे ४५ मिलिसेकंदांनाच खटकू लागतो, मागे राहिला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. तीसच्या व्हिडिओत एक चौकट ३३ मिलिसेकंदांची. म्हणजे गाणं चौकटभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका. एक-दोन चौकटी मागे राहिलं तर घाबरू नका. मी नेहमी शेवटी गाणं एक चौकट मागे ढकलतो. ठोका मग पावलातून निघाल्यासारखा वाटतो.

हे सगळं वायरच्या हेडफोनवर किंवा थेट स्पीकरवर करा. ब्लूटूथ हेडफोन आवाज उशिरा पोचवतात, कधी दीड-दोनशे मिलिसेकंद. त्यावर जुळवलेला व्हिडिओ दुसऱ्याच्या फोनवर हमखास चुकलेला दिसतो.

पहिली सम बसली की थेट शेवटाकडे जा. शेवटची सम तपासा. वेग मोजताना अर्ध्या ठोक्याची चूक झाली असेल, समजा ९६ ऐवजी ९६.५, तर अठ्ठेचाळीस मात्रांनंतर, म्हणजे सुमारे अर्ध्या मिनिटात, दीडशे मिलिसेकंदांचा फरक पडतो. साडेचार चौकटी. डोळ्याला नक्की टोचणार. अशा वेळी गाण्याचे तुकडे करू नका, व्हिडिओच्या वेगाचा आकडा थोडा थोडा बदलत शेवटची सम बसवा. दोन टोकं जुळली की मधलं बहुतेक आपोआप जुळतं. तरीही मध्ये कुठे निसटत असेल, तर नाचणारी पाठ फिरवते किंवा क्षणभर स्थिर असते अशी जागा बघून दोन-तीन चौकटी तिथे काढा किंवा घाला.

पायांचा आवाज परत आणा

नुसतं स्टुडिओतलं स्वच्छ गाणं लावलं की चित्र आणि आवाज दोन वेगळ्या खोल्यांत राहतात. जमिनीचा आवाज थोडा मिसळला की ते एका मैदानात येतात. लावणीला घुंगरू, लेझीमला छमछम, कथकच्या तत्काराला फरशीवरची थाप. मूळ आवाजात संगीतही मिसळलेलं असल्याने तो सरळ वापरता येत नाही. मी भाचीला अंगणात उभं केलं, हातात लेझीम दिली आणि कानात १०० चा ठेका लावून मिनिटभर वाजवून घेतलं. तो आवाज गाण्याच्या बराच खाली, जेमतेम ऐकू येईल इतका ठेवला. मामी फसली ती मला वाटतं या छमछमीनेच.

टाकण्यापूर्वी

उभी चौकट, १०८० बाय १९२०. पहिल्या सेकंदातच नाच आणि ठेका दोन्ही सुरू हवेत. मार्चची प्रस्तावना मी कापून टाकली. व्हिडिओचा शेवट आवर्तन संपतं तिथे करा, म्हणजे रील पुन्हा सुरू होताना सम सांधा न दिसता येते. तीस सेकंद भरपूर झाले.

संगीताच्या हक्कांबद्दल दोन गैरसमज घट्ट बसले आहेत. पंधरा सेकंदांपर्यंत कुठलंही गाणं चालतं, असं लोक सर्रास सांगतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट नाही. दुसरा गैरसमज म्हणजे रचना जुनी असली की सगळं मोकळं. श्ट्राउसच्या मार्चवर आज कुणाचा हक्क नाही, पण एखाद्या वाद्यवृंदाने तो गेल्या काही वर्षांत वाजवून ध्वनिमुद्रित केला असेल तर त्या मुद्रणावर त्यांचा हक्क आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो. म्हणून मुक्त परवान्याचं मुद्रण शोधा.

चालू सिनेमाचं गाणं हवं असेल तर सुरक्षित वाट अशी: गाणं फक्त जुळवण्यापुरतं टाइमलाइनवर ठेवा, व्हिडिओ आवाजाशिवाय बाहेर काढा आणि गाणं इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब शॉर्ट्सच्या स्वतःच्या संग्रहातून लावा. संग्रहातल्या गाण्याचा वेग तुम्हाला बदलता येणार नाही, त्यामुळे अशा वेळी सगळा फरक व्हिडिओनेच सोसायचा. आणि व्यवसायाच्या खात्याला इन्स्टाग्राम सगळी गाणी देत नाही, हे दुकानदारांनी लक्षात ठेवावं.

ज्यांचा नाच आहे त्यांना विचारा

हा भाग शेवटी आला तरी खरं तर हे पहिलं काम आहे. दुसऱ्याने घेतलेली क्लिप उचलायची असेल तर विचारा आणि नाव द्या. मुलं असतील तर पालकांना विचारा. मी व्हिडिओ ग्रुपच्या बाहेर टाकण्यापूर्वी शाळेला आणि मुलींच्या घरी विचारलं. दोन घरांतून नको म्हणाले, तर त्या दोघी दिसणार नाहीत अशी चौकट कापली. शाळेची पाटी पुसट केली.

गाणं बदललं की नाचणाऱ्याचा अर्थही बदलतो हे विसरू नका. मन लावून नाचणाऱ्या एखाद्या बाईवर चावट गाणं लावलं, की लोक तिला हसतात आणि तिला ते थांबवता येत नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा व्हिडिओ मी नाचणारीच्या शेजारी बसून, तिच्या घरच्यांसमोर दाखवू शकेन का?

शाळेत मी तो सगळ्यांसमोर लावला. मुली खिदळल्या, सरांनी पुन्हा लावायला सांगितला. हलगीवाले काका मागे उभे होते. दोनदा बघून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘चांगलं झालंय. पण माझी हलगी कुठं गेली?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हिडिओ जुळला होता तो त्यांच्यामुळे. पन्नास सेकंद ९६ वरून न हललेला हात त्यांचा होता, मुलींच्या गुडघ्यांत आणि मनगटांत जी लय मी मोजत बसलो ती त्यांनीच भरली होती, आणि मी पहिल्याच पायरीला तिचा आवाज बंद केला होता. वेन्सडेच्या नाचातही तेच झालं. लोकांना ‘ब्लडी मेरी’ आठवतं, पण जेना ओर्टेगाच्या अंगात त्या वेळी जी लय होती ती दुसऱ्याच कुणाची.

घरी येऊन मी टाइमलाइन पुन्हा उघडली. रीलच्या अठ्ठेचाळीस मात्रांपैकी पहिल्या चाळीस मार्चला ठेवल्या. म्हणजे चोवीस सेकंद. एक्केचाळिसाव्या मात्रेच्या समेवर मार्च एकदम तोडला आणि मूळ आवाज उघडला, वेग १०४.१७ टक्के, दोन चौकटी अलीकडे ओढून. शेवटच्या आठ मात्रा मैदानाचा वारा, सरांची शिट्टी, चोवीस लेझमा आणि हलगी. मुलींची हालचाल जराही बदलत नाही, फक्त खालचं संगीत बदलतं.

मग खाली दोन ओळी लिहिल्या: लेझीम कोणत्या शाळेचं ते नाही, मुलींची नावं नाहीत, मार्च कुणाचा ते, आणि हलगी कुणाची ते, त्यांना विचारून. काकांना पाठवला. त्यांचा फोन आला, ‘‘शेवटाला ती शिट्टी जरा मोठी झालीय, हलगी दबतीय. कमी कर.’’

शिट्टी तीन डेसिबलने कमी केली.